शिक्षकांचं स्नेहमीलन : महाबळेश्वरला की मसूर स्टेशनवर?



"सहल म्हणजे दोन दिवसांची मौज. तिच्यात विचारधारा कशाला आणता?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला अनेकदा विचारला गेला. विचारणारे सगळे शिक्षक आहेत आणि सगळे माझे मित्र आहेत. त्यामुळे उत्तर रागाने देऊन चालणार नाही, पण टाळूनही चालणार नाही. सहलीत विचारधारा मी आणत नाही, ती आधीपासूनच तिथे असते. कुठे जायचं, किती पैसे काढायचे, ताटात काय वाढायचं आणि कोणाच्या शेजारी कोणाची गादी टाकायची, हे ठरवताना आपण समाज कसा असावा हेच ठरवत असतो. ते कोणाच्या सोयीने ठरतं, एवढाच प्रश्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची प्रशिक्षणं मोबाईलवर सुरू झाली. अशाच एका प्रशिक्षणातून आमचा व्हॉट्सअॅप गट तयार झाला. सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतचे ४१ जण. एका शिक्षकाने चार वर्ग एकत्र कसे सांभाळायचे, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचनाकडे कसं न्यायचं, ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या मुलापर्यंत अभ्यास कसा पोहोचवायचा, यावर रात्री अकरा-अकरापर्यंत बोलणं चालायचं. दुसऱ्या लाटेत गटातले एक सर गेले. त्यांनी करून दिलेले गणिताचे तक्ते आजही आमच्या वर्गात लटकत आहेत. पण ते उंच होते की बुटके, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून गटात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं : एकदा प्रत्यक्ष भेटलं पाहिजे.

यंदा ते मनावर घेतलं गेलं. एका उत्साही सरांनी प्रस्ताव टाकला. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वर, दोन रात्री, रिसॉर्ट, माणशी ६,५०० रुपये, शुद्ध शाकाहारी जेवण, रात्री शेकोटी आणि गाणी. तासाभरात २८ अंगठे पडले. सरांनी लिहिलं, "बहुमताने ठरलं!"

लोकशाहीचा आपल्याकडे रूढ झालेला अर्थ हाच आहे. हात मोजायचे आणि ठरलं म्हणायचं. पण बाबासाहेबांच्या अनुयायाने मोजलेल्या हातांबरोबर न उठलेले हातही मोजायला हवेत. ४१ मधून २८ गेले, १३ उरले. मी त्या १३ जणांना एकेक करून फोन केला. गटात गप्प राहिलेली माणसं फोनवर मोकळी बोलली. या लेखातलं बहुतेक सगळं त्या तेरा फोनांमधून आलं आहे.

तिघे शिक्षणसेवक होते. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला १६,००० रुपये मानधन मिळतं. त्याआधी ते ६,००० होतं. १६,००० पैकी ६,५०० म्हणजे महिन्याच्या कमाईचे शंभरातले चाळीस रुपये. त्यातल्या एकाचं खोलीचं भाडं आणि गावाकडे आईच्या औषधाचे पैसे गेले की हातात फार काही उरत नाही. तो म्हणाला, "सर, परवडत नाही असं गटात लिहायला लाज वाटते. म्हणून मी मेसेज पाहिलाच नाही असं दाखवलं." गटात सगळे 'सर'. पण एकाचा पगार ९०,००० आणि दुसऱ्याचं मानधन १६,०००, हे अंगठ्यांच्या रांगेत दिसत नाही.

चार शिक्षिका होत्या. त्यांचं उत्तर जवळजवळ एकच होतं : "घरी विचारून सांगते." २८ अंगठे देणाऱ्यांत बहुतेक पुरुष होते आणि त्यांच्यापैकी एकानेही घरी विचारून सांगतो असं लिहिलं नव्हतं. दोघींची मुलं लहान. एका मॅडमनी थेट विचारलं, "ज्यांना आम्ही फक्त पडद्यावर पाहिलंय, अशा माणसांबरोबर दोन रात्री राहायला जायचं, तर राहायची जागा कशी आहे, बायकांच्या खोल्या कुठे आहेत, वाटेत बस कुठे थांबणार आहे, हे कोणीच का सांगत नाही?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. नियोजनाचा पहिला प्रश्न हाच असायला हवा होता.

एक सर कुबड्यांवर चालतात. पडद्यावर फक्त खांद्यापर्यंतचा माणूस दिसतो, म्हणून हे आम्हाला पाच वर्षांत कळलंच नव्हतं. ते हसत म्हणाले, "मी पॉइंटवर येणार नाही, गाडीतच बसेन, पण मग ६,५०० कशाचे?" दोघांना मतदारयादीचं काम लागलं होतं आणि सुट्टी मिळेल याची खात्री नव्हती.

उरले तिघे. त्यांनी कारण लवकर सांगितलं नाही. आधी तब्येत, मग पाहुणे, मग शेतीची कामं. शेवटी एकाने सांगितलं. रिसॉर्टसाठी सगळ्यांची पूर्ण नावं आणि आधारची छायाचित्रं गटात मागवली होती. गटात त्याचं नाव म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. आडनाव नाही. तो म्हणाला, "पाच वर्षं मी इथे फक्त शिक्षक आहे. आडनाव टाकलं की मी कोण ते सगळ्यांना कळेल. मग तुमचं बोलणं तसंच राहील, याची खात्री कोण देईल?" दुसऱ्याचं उत्तर याहून लहान होतं : "शाळेतल्या स्टाफरूममध्ये माझा पाण्याचा ग्लास वेगळा नाही. पण माझ्या डब्यातलं कोणी घेत नाही. सहलीत तेच दोन दिवस बघायचं का?"

ऑनलाइन मैत्रीचं खूप कौतुक होतं. तिथे जात नसते असं म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तिथे जात दिसत नाही, एवढंच. पडद्यावर ताट नसतं, पाण्याचा माठ नसतो, झोपायची खोली नसते, रजिस्टर नसतं. ती सगळी सहलीत येतात. म्हणून ऑनलाइन जमलेली समता खरी की खोटी याचा निकाल पहिल्या प्रत्यक्ष भेटीत लागतो, आणि त्या भेटीचं नियोजन करणाऱ्यांच्या हातात तो निकाल बराचसा असतो.

आपल्या माणसांसाठी प्रवास ही गोष्ट कधीच साधी नव्हती. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास स्वतःच्या आठवणी लिहिल्या, त्यांचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या १२ व्या खंडात त्या आहेत. छोटासा मजकूर आहे, एका बैठकीत वाचून होतो. तो वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या : त्यातले बरेचसे प्रसंग प्रवासाचे आहेत. बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही आणि पारशी सराईच्या रजिस्टरात पारशी नाव लिहावं लागतं. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नसतो. सवय नसलेला माणूस टांगा हाकतो, अपघात होतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. १९३४ साली सुमारे तीस सहकारी मिळून वेरूळची लेणी पाहायला निघतात. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर काही जण दरवाजाजवळच्या हौदात हातपाय धुतात आणि हौद बाटवला म्हणून गलका होतो. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर आत सोडतात आणि सोबत एक हत्यारी शिपाई देतात.

ती सहकाऱ्यांची सहलच होती, मित्रांनो. मौजेची. तेव्हा 'सहलीत विचारधारा नको' असं त्या हौदाला कोणी सांगितलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या हॉटेलात जागा मिळेल, कुठे जेवायला मिळेल, याची ती यादी होती. पुढे तीस वर्षं ती निघत राहिली. ज्याला कुठेही सहज उतरता येतं त्याला सहलीचं नियोजन म्हणजे फक्त दर आणि अंतर वाटतं. ज्याला दारातून परत पाठवलं गेलं आहे, त्याच्यासाठी नियोजन हे आत्मसन्मानाचं काम आहे.

आपल्या चळवळीला हे काम नवीन नाही. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी जागा दिली. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २० मार्चला महाड. लाखो माणसं स्वतःची भाकरी बांधून येतात, समता सैनिक दलाचे सैनिक रांगा लावतात, कोणीतरी भोजनदान करतं, कोणीतरी पाणी वाटतं. इतकं नियोजन जमणाऱ्या समाजातल्या शिक्षकाला ४१ जणांच्या भेटीचं नियोजन जमू नये?

म्हणून मी गटात दुसरा प्रस्ताव ठेवला. जागा बदलायची आणि पद्धतही बदलायची.

जागा सातारा. सकाळी पुण्यात जमायचं. १८४८ साली जिथे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, त्या भिडेवाड्याच्या जागेपासून सुरुवात. तिथून गंज पेठेतला फुलेवाडा, जिथला पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला. दौलताबादचा हौद आणि हा हौद, दोन्ही एकाच दिवशी मनात ठेवायचे. मग शिरवळजवळचं नायगाव, सावित्रीबाईंचं जन्मगाव. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणात माहेरी असताना त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमांची काळजी आहे. शाळेचा सगळा भार त्यांच्या सहकारी शिक्षिकेवर पडला होता. दोन शिक्षिका एकमेकींची काळजी करतात, ही आपल्या व्यवसायाची किती मोठी परंपरा आहे! मुक्काम साताऱ्यात.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. परिपत्रक आलं की आपण सगळे आपापल्या शाळेत निबंध आणि वक्तृत्व घेतो, फोटो काढून केंद्रप्रमुखांना पाठवतो. ती शाळा किती शिक्षकांनी पाहिली आहे? त्याच शहरात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती, आणि ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शंभर वर्षांपूर्वी पोरांना जमलं ते पगारदार शिक्षकांना जमेल की नाही, हे पाहायला साताऱ्याहून योग्य गाव कुठलं?

आणि शेवटी मसूर. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस ज्या मार्गाने जाते त्याच मार्गावर साताऱ्याच्या पुढे हे लहान स्टेशन आहे. १९०१ साली इथे चार मुलं उतरली. नऊ-दहा वर्षांचा भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीची दोन मुलं. वडील दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांना भेटायला ही मुलं निघाली होती. पाठवलेलं पत्र वडिलांपर्यंत पोहोचलं नाही, म्हणून घ्यायला कोणी आलं नाही. चांगले कपडे घातलेली मुलं पाहून स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा बदलला, ते मागे सरले. अर्ध्या तासाने ते परत आले आणि त्यांनीच मधे पडून बैलगाडी ठरवून दिली : भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्रभर त्या मुलांजवळ जेवण होतं, पण पाणी मिळालं नाही म्हणून ती उपाशी राहिली.

मी गटात लिहिलं, त्या स्टेशन मास्तरांच्या जागी आज आपण आहोत. दरवर्षी जूनमध्ये चार मुलं आपल्या वर्गाच्या दारात उतरतात. दाखला भरताना आपण त्यांना विचारतो, जात कोणती? ते उत्तर मिळाल्यानंतर आपला चेहरा बदलतो का, आपण मागे सरतो का, मुलाला कुठल्या बाकावर बसवतो, पोषण आहाराच्या पंगतीत त्याला कोणाशेजारी बसवतो, हे मसूरच्या फलाटावर उभं राहून प्रत्येकाने स्वतःशी ठरवायचं. या सहलीत मला एवढीच एक गोष्ट हवी आहे.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. त्याला उत्तर देतो.

पहिला आक्षेप : "हे एका विशिष्ट समाजाचं झालं. सगळ्यांना चालेल असं ठिकाण घ्या." पन्हाळा, रायगड, महाबळेश्वर ही ठिकाणं 'सगळ्यांची', आणि मसूर स्टेशन 'एका समाजाचं', हे कोणी ठरवलं? मसूरला घडलं ते फक्त चार मुलांच्या बाबतीत घडलं नाही. स्टेशन मास्तर, गाडीवान, टोलनाक्यावरचा माणूस हेही त्या गोष्टीत आहेत. पाणी नाकारलं गेलेल्यांचा तो इतिहास आहे, तसाच पाणी नाकारणाऱ्यांचाही आहे. फक्त एकाच बाजूने तो वाचायचा, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. आणि सावित्रीबाई, भाऊराव हे जर शिक्षकाचे पूर्वज नसतील तर कोण आहेत?

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा : "त्या लोकांना तिथे नेऊन काय होणार? फोटो काढतील, स्टेटस ठेवतील आणि गावी जाऊन तेच करतील. त्यापेक्षा आपण आपल्या शिक्षकांची वेगळी सहल काढू." आपल्या माणसांच्या वेगळ्या भेटी हव्यातच. तिथे आडनाव लपवावं लागत नाही, तिथे माणूस मोकळा श्वास घेतो. पण आपली मुलं फक्त आपल्या शिक्षकांच्या वर्गात नसतात. मिश्र स्टाफरूममध्ये, मिश्र शाळेत ती शिकतात. तिथल्या शिक्षकाला बदलायचं काम आपण सोडलं तर ते कोणीच करणार नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर तथागतांच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ सालच्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं. त्यांपैकी बंधुता, म्हणजे मैत्री, ही एकट्याने पाळायची गोष्ट नाही. तिला समोर दुसरा माणूस लागतो, आणि बऱ्याचदा तो आपल्यासारखा नसतो.

तिसरा आक्षेप : "शाळा बंद पडायला आल्यात आणि तुम्ही सहलीला निघालात." २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचं धोरण पुढे आल्यापासून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांवर टांगती तलवार आहे, हे खरं आहे. पण त्या विरोधात उभं राहायला एकमेकांवर विश्वास असलेले शिक्षक लागतात. ज्यांनी एकमेकांच्या ताटातलं कधी खाल्लं नाही, ते एकमेकांसाठी निलंबनाचा धोका पत्करतील का? संघटना निवेदनाने उभी राहत नाही, ती ओळखीने उभी राहते.

आता पद्धत. हा भाग लांबवून सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी तो उपयोगी पडेल.

वर्गणी : प्रत्येकाने एका दिवसाचा पगार द्यायचा. १६,००० मानधन असलेल्या शिक्षणसेवकाचे ५३० रुपये, ६०,००० वाल्याचे २,०००, ९०,००० वाल्याचे ३,०००. कोणी फुकट येत नाही, त्यामुळे कोणाची मान खाली जात नाही. "मग सीनियरांनी जास्त का द्यायचे?" असं एका सरांनी विचारलं. सगळे सारखंच देत आहेत सर, प्रत्येक जण एक दिवस देतो आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचं आवाहन केलं होतं. हा तर महिन्याचा तिसावा हिस्सा आहे, आणि तोही वर्षातून एकदाच.

हिशोब : ३१ जणांनी होकार दिला आहे, सोबत पाच मुलं. त्या ३१ मध्ये तीन शिक्षणसेवक, वीस मधल्या पगाराचे आणि आठ ज्येष्ठ. जमा ६५,५९० रुपये. सुट्टीत रिकाम्या असलेल्या एका वसतिगृहात दोन रात्री, माणशी रात्रीला २५० प्रमाणे १८,०००. जेवण-नाश्ता माणशी ६०० प्रमाणे २१,६००. दोन दिवसांची बस १८,०००. एकूण ५७,६००. उरलेले ७,९९० रुपये विदर्भातून येणाऱ्यांच्या तिकिटांना. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, म्हणून शिक्षिकांच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा पाहून कार्यक्रम संपवायचा. रिसॉर्टच्या पॅकेजला याच ३१ जणांचे २ लाख १,५०० रुपये झाले असते.

जेवण : एका महिला बचत गटाला सांगितलं आहे. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, एका रात्री मटणाचा रस्सा. ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं, पण पंगत एकच. "शाकाहारीच ठेवू, म्हणजे कोणालाच त्रास नको," असं सुचवलं गेलं. 'कोणालाच' या शब्दात नेमकं कोण येतं, असं मी विचारलं. आणि 'शुद्ध' हा शब्द मेनूतून काढायला सांगितलं, कारण एकाचं जेवण शुद्ध म्हटलं की शेजाऱ्याचं आपोआप दुसरं काहीतरी होतं. सहभोजनाने जात संपत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचं निर्मूलन' मध्ये सांगून ठेवलं आहे. त्यामुळे एका पंगतीने क्रांती होईल असा माझा दावा नाही. पण जिथे एक पंगतही होत नाही, तिथे पुढचं बोलणंच खुंटतं.

खोल्या : "आमच्या भागातल्या चौघांना एक खोली द्या, सवय आहे," असा एक खासगी निरोप आला. पुरुषांच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून, एका खोलीत एका जिल्ह्याचे दोघे नाहीत, असं ठरलं. शिक्षिकांची यादी शिक्षिका स्वतः करतील, तिच्यात कोणी बोलायचं नाही. बस कुठे-कुठे थांबणार आणि तिथे स्वच्छतागृह आहे की नाही, हे दोन सरांनी आधी जाऊन पाहायचं. मुलांना सांभाळण्याच्या पाळ्या पुरुष शिक्षकांच्या. मुलं सांभाळणं हाच आपला धंदा आहे, तेव्हा येत नाही असं कोणी म्हणू नये.

नावं : आधार गटात टाकायचं नाही. ज्याने त्याने आपलं ओळखपत्र वसतिगृहाच्या टेबलावर स्वतः दाखवायचं. गळ्यात अडकवायच्या कार्डावर नाव, शाळेचं गाव आणि शिकवतो तो वर्ग. आडनाव ज्याचं त्याने ठरवायचं. कोणाला ते अभिमानाने लिहायचं असेल तर तेही करावं. लपवण्याची सक्ती नको आणि सांगण्याचीही नको.

चढण : अजिंक्यतारा सगळ्यांच्या कार्यक्रमातून काढला. ज्यांना जायचं त्यांनी पहाटे सहाला जाऊन नाश्त्याला परत यायचं. बाकी प्रत्येक ठिकाणी कुबड्या घेऊन जाता येईल की नाही, याची चौकशी करून मगच ते ठिकाण यादीत घेतलं.

गप्प राहिलेल्या १३ पैकी नऊ जण येत आहेत. तिन्ही शिक्षणसेवक, तीन शिक्षिका, कुबड्यांवर चालणारे सर, आणि आडनावाचा प्रश्न असलेल्या तिघांपैकी दोघे. तिसऱ्याने अजून नाही म्हटलं आहे. त्याच्यावर दबाव आणायचा नाही असं ठरलं आहे. विश्वास आम्ही दाखवायचा आहे, तो त्याच्याकडून मागायचा नाही. अंगठा दिलेल्यांपैकी सहा जण गळाले. काहींना महाबळेश्वरच हवं होतं. त्यांच्याशी भांडण नाही, पुढच्या वेळी पुन्हा विचारू.

तुमचाही असा एखादा गट असेल. शिक्षकांचा, परिचारिकांचा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा, बँकेतल्या कर्मचाऱ्यांचा. कधीतरी कोणीतरी म्हणेल, भेटूया. तेव्हा ठिकाणाचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी यादी काढा, कोणी हो म्हटलं त्यांची नाही, कोण गप्प राहिलं त्यांची. मग त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच करा. कारण परवडत नाही, घरचे सोडत नाहीत, चढता येत नाही आणि तुमच्याबरोबर जेवताना मला भीती वाटते, ही चार वाक्यं कोणी गटात लिहीत नाही.

जय भीम! जय सावित्री!